३७८ भाग, लेखक एकच: हर्बर्ट राइनेकरची पार्श्वभूमी

'डेरिक' ही जर्मन पोलीस मालिका २० ऑक्टोबर १९७४ रोजी सुरू झाली आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये संपली. भाग २८१. शंभरावर देशांत ती दाखवली गेली. हे सगळे भाग हर्बर्ट राइनेकरनं एकहाती लिहिले. त्याआधीच्या 'डेअर कोमिसार'चे ९७ भागही त्याचेच. साधारण तासाभराचे ३७८ भाग! टीव्हीच्या इतिहासात अशी उदाहरणं फार थोडी. पण राइनेकरबद्दल एवढंच सांगून थांबणं मला पटत नाही. ही लेखणी कुठे घडली, तेही सांगायला हवं.

राइनेकरचा जन्म २४ डिसेंबर १९१४ चा, हागेन गावचा. तरुणपणी तो पत्रकारितेत शिरला आणि नाझी राजवटीत हिटलर युथ या नाझी पक्षाच्या युवा संघटनेच्या नियतकालिकांचं संपादन करू लागला. दुसऱ्या महायुद्धात तो वाफेन-एसएसचा, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलाचा, वार्ताहर होता. १९४४ मध्ये त्यानं दिग्दर्शक आल्फ्रेड वायडेनमानसाठी 'युंगे आडलर' हा चित्रपट लिहिला. विमान कारखान्याच्या संचालकाचा लाडावलेला मुलगा शिकाऊ कामगार म्हणून त्याच कारखान्यात येतो, सोबतच्या पोरांकडून शिस्त शिकतो आणि अखेर लढाऊ विमानांच्या कामात झोकून देतो, अशी ही गोष्ट. प्रचारपटच, पण पात्रं आणि संवाद सराईत हातानं लिहिलेले. म्हणूनच तो जास्त घातक होता असं मला वाटतं. पुढे जर्मनी कोसळत असतानाही, युद्धाच्या अखेरच्या आठवड्यांत, एसएसच्या 'दास श्वार्त्से कोर' या साप्ताहिकाचा अग्रलेख राइनेकर लिहीत होता.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या चित्रपटसृष्टीनं जुन्या अनुभवी माणसांना फार प्रश्न न विचारता परत घेतलं. १९५४ मध्ये राइनेकर-वायडेनमान जोडीचा 'कानारिस' आला. हिटलरच्या लष्करी हेरखात्याच्या प्रमुखावरचा हा चित्रपट, आणि त्याच्या पटकथेला जर्मन चित्रपट पुरस्कारही मिळाला. साठच्या दशकात इंग्रज लेखक एडगर वॉलेसच्या रहस्यकथांवरच्या चित्रपटांची लाट आली, तेव्हा त्यातले काही त्यानं 'अलेक्स बेर्ग' या टोपणनावानं लिहिले.

झेडडीएफ ही वाहिनी १९६३ मध्ये सुरू झाली. म्युनिकचा निर्माता हेल्मूट रिंगलमान याच्यासोबत राइनेकरनं जानेवारी १९६९ मध्ये तिथे 'डेअर कोमिसार' आणली. देशात रंगीत प्रक्षेपण १९६७ मध्येच सुरू झालं होतं, तरी ही मालिका १९७६ पर्यंत कृष्णधवलच राहिली. एरिक ओडेनं रंगवलेला कमिसार (पोलीस तपास अधिकारी) केलर आरडाओरडा करत नाही. समोर बसतो, ऐकतो. त्याच्या हाताखालचा हॅरी क्लाइन (फ्रिट्झ वेपर) पुढे थेट 'डेरिक'मध्ये गेला.

'डेरिक'च्या पहिल्या भागात बोर्डिंग शाळेकडे जाणाऱ्या रानवाटेवर एका विद्यार्थिनीचा खून होतो. खुनी तिचाच शिक्षक, आणि प्रेक्षकाला ते सुरुवातीलाच कळतं. उरतं ते एकच कुतूहल: हा माणूस स्वतःच्या कृत्याचं ओझं किती काळ लपवू शकेल? गोळीबार कमी, बोलणं फार. श्रीमंत बंगल्यांतली सभ्य माणसं, आणि त्यांच्यासमोर शांतपणे उभा होर्स्ट टापर्टचा डेरिक. अपराधभावनेवर राइनेकर पंचवीस-तीस वर्षं लिहीत राहिला. याचा त्याच्या भूतकाळाशी संबंध जोडावा का, यावर मतभेद असू शकतात. मला तो संबंध दिसतो. विशेष म्हणजे 'डेरिक'चे बरेच भाग दिग्दर्शित करणाऱ्यांत तोच वायडेनमान होता.

राइनेकर २००७ मध्ये वारला. २०१३ मध्ये टापर्टही वाफेन-एसएसमध्ये होता हे उघड झालं आणि झेडडीएफनं 'डेरिक'चं पुनःप्रक्षेपण थांबवलं. टापर्टनं ती गोष्ट आयुष्यभर दडवली होती. राइनेकरचं त्या काळातलं लेखन मात्र पहिल्यापासून छापील होतं, तरीही त्याची मालिका चोवीस वर्षं चालली.