आधी दार, मग पट्टा

थंडीच्या दिवसांत, वारा पडलेल्या सकाळी बडोद्याच्या सूरसागर तळ्याच्या कठड्याशी उभं राहून सर्वेश्वर महादेवाच्या मूर्तीकडे पाहा. मूर्ती 111 फुटी, आणि तिच्या पायाशी तेवढीच उलटी मूर्ती पाण्यात. आता पाण्याचा पृष्ठभाग नेमका कुठे आहे ते नजरेने शोधा. एखादं पान नाहीतर निर्माल्याचं फूल तरंगत असेल तर सापडेल. एरवी नजर पृष्ठभाग ओलांडून थेट खालच्या प्रतिबिंबावर जाऊन टेकते. कठड्यावरच्या माणसाचं त्यात काही बिघडत नाही. ताशी 110 किलोमीटरने खाली येणाऱ्या शिकाऊ वैमानिकाचं मात्र बिघडतं.

सीप्लेनवाले, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं चालवणारे, याला ‘ग्लासी वॉटर’ म्हणतात, काचेसारखं पाणी. पाणी शांत म्हणजे उतरणं सोपं, असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याला उंचीच कळत नाही. पाणी अजून लांब आहे असं वाटलं, तर तो नाक खाली ठेवूनच आदळतो. फार जवळ आलं असं वाटलं, तर हवेतच नाक उचलतो, वेग मरतो आणि विमान दगडासारखं पडतं. म्हणून इथे पाण्याकडे बघून उतरायचंच नाही. काठाची झाडं बाजूला दिसत राहतील असं बघून साधारण 200 फुटांवर नाक किंचित वर बांधायचं, इंजिन इतकंच चालू ठेवायचं की विमान मिनिटाला 150 फुटांपेक्षा जास्त उतरणार नाही, आणि फ्लोट, म्हणजे विमानाखालचे तरंगते पाय, पाण्याला लागेपर्यंत काहीही बदलायचं नाही. 200 फूट उतरायला 80 सेकंद लागतात आणि 60 नॉटने, म्हणजे त्याच ताशी 110 किलोमीटरने, तेवढ्या वेळात जवळपास अडीच किलोमीटर पाणी मागे पडतं. हे 80 सेकंद फार लांबतात. बहुतेक शिकाऊंचा धीर इथेच सुटतो: ‘टेकलंच असेल’ म्हणून ते थ्रॉटल ओढून इंजिनचा जोर कमी करतात, आणि नाक खाली जातं.

दुसरी चूक याहून साधी आणि जास्त घातक. काही सीप्लेनच्या फ्लोटमध्ये चाकंही असतात. ती धावपट्टीवरही उतरतात आणि तळ्यातही. जमिनीवर शिकलेल्या वैमानिकाच्या हाडीमाशी एकच गोष्ट भिनलेली असते: उतरण्याआधी चाकं खाली. पाण्यावर नेमकं उलटं हवं. ताशी 100 किलोमीटरने पाण्यात घुसलेल्या, हाताच्या पंजाएवढ्या, म्हणजे 10 बाय 10 सेंटिमीटरच्या जागेवर ढोबळमानाने 390 किलो वजनाइतका जोर येतो. चाकं याहून बरीच मोठी, आणि विमानाच्या गुरुत्वमध्याच्या पुष्कळ खाली. पाणी खालून पाय धरतं, वरचं धड पुढे जातं, आणि विमान नाकावरून पालथं होतं. एक-दोन सेकंदांत.

प्रशिक्षणात हे का घडतं? धावपट्टीवरून उड्डाण होतं, प्रशिक्षक काहीतरी समजावत असतो, मध्येच रेडिओवर बोलावं लागतं आणि चाकं वर घ्यायची राहून जातात. तळ्यावर पोचल्यावर तपासणीच्या यादीतली चाकांची ओळ दोघांनाही ‘झालेली’ वाटते. फ्लोटवर चार चाकं, म्हणून चार दिवे: निळे म्हणजे वर, पाण्यासाठी, हिरवे म्हणजे खाली, जमिनीसाठी. पण नुसतं ‘चेक’ म्हणून भागत नाही. ‘पाण्यावर उतरतोय, चाकं वर, चार निळे’ असं पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणायचं, खिडकीतून किंवा आरशात चाक डोळ्यांनी बघायचं, आणि मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. माझ्या मते हा शेवटचा नियमच सर्वात मोलाचा, आणि सर्वात जास्त टाळलाही जातो.

विमान पालथं झालं तरी आदळण्याने मरणारे थोडे. बुडून मरणारे बरेच. 29 नोव्हेंबर 2009 रोजी कॅनडात सॅटर्ना बेटाजवळ बीव्हर जातीचं सीप्लेन पाण्यात कोसळलं. आत आठ जण होते, सहा बुडाले. वैमानिक आणि एक प्रवासी तेवढे बाहेर आले. त्यानंतर तिथल्या तपास यंत्रणेने दोन गोष्टी मागितल्या: पटकन सुटणाऱ्या खिडक्या-दारं, आणि अंगात घातलेली लाइफ जॅकेटं.

उलटं लटकलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? सीटचा पट्टा सोडतो. तिथेच घात होतो. पट्टा बांधलेला असेपर्यंत दार तुमच्या डाव्या हाताला होतं ते डाव्याच हाताला राहतं, कारण तुम्ही विमानासकट उलटे झालेले असता. पट्टा सुटला की नाकात पाणी, अंधार, आणि वर कुठे ते कळेनासं होतं. म्हणून क्रम असा: हलणं पूर्ण थांबू द्यायचं, एका हाताने दाराजवळची घट्ट वस्तू पकडायची, दुसऱ्याने दार उघडायचं, मग पट्टा, आणि धरलेला हात न सोडता स्वतःला बाहेर ओढायचं. लाथा झाडायच्या नाहीत, मागच्याला लागतात. दार लगेच उघडलं नाही तर घाबरायचं नाही: बाहेर पाणी आणि आत हवा असताना अर्ध्या चौरस मीटरच्या दारावर अर्धा मीटर पाण्याचा दाब अडीचशे किलोंचा भरतो. आत पाणी भरलं की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि दार हलतं.

जॅकेट आधीपासून अंगात हवं, पण फुगवायचं बाहेर पडल्यावरच. आत फुगवलं तर ते तुम्हाला वर, म्हणजे उलट्या विमानाच्या जमिनीला, दाबून धरतं आणि खाली डुबकी मारून दार गाठता येत नाही. जॅकेट नसण्याची किंमत बडोद्याला वेगळी सांगायला नको. जानेवारी 2024 मध्ये हरणीच्या तळ्यात बोट उलटली तेव्हा 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, आणि जॅकेटं काही जणांच्याच अंगात होती.

31 ऑक्टोबर 2020 ला केवडियाहून साबरमतीपर्यंत सीप्लेन सुरू झालं, तेव्हा केवडियाच्या तळ्यातून आधी मगरी हलवाव्या लागल्या होत्या. बडोद्यातल्या मगरींच्या नदीच्या, विश्वामित्रीच्या, काठच्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. ती सेवा काही महिन्यांतच थांबली. पण कधी कुठेही अशा विमानात बसलात, तर उड्डाणाआधी डोळे मिटा, एक हात गुडघ्यावर ठेवा आणि भिंत चाचपत दाराच्या कडीपर्यंत न्या. मध्ये काय काय हाताला लागतं ते मोजा. दोनदा करा, दुसऱ्यांदा दुसऱ्या हाताने.