खोपा त्याचा, नाव तिचं

सुगरण पक्ष्याच्या नरावर मराठीनं मोठा अन्याय केला आहे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकणारा खोपा पाहून आपण पक्ष्याला नाव दिलं ते बाईचं. कवितांनीही कौतुक केलं ते आईचंच. खोपा विणतो मात्र नर. मादी येते ती पाहणी करायला, आणि पाहणीही करते चोखंदळ गिऱ्हाइकासारखी.

हा संसार नीट उलगडला तो अलिबागजवळच्या किहीमला, १९३० साली. उलगडणारा माणूस तेव्हा बेकार होता. सालिम अली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातल्या नोकरीतून रजा काढून बर्लिनला एर्विन श्ट्रेसमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकायला गेले होते. परतले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. विद्यापीठाची पदवी नव्हतीच. मग पत्नी तेहमिना यांच्या माहेरच्या किहीममधल्या घरी मुक्काम हलला. घराजवळ सुगरणींची वसाहत होती आणि हाताशी वेळच वेळ.

पावसाळ्याच्या तोंडावर नराचं डोकं पिवळंधमक होतं. गवताच्या, शिंदीच्या पात्यांच्या चिरफळ्या काढून तो विणायला बसतो. शेकडो खेपा होतात. घरटं पालथ्या टोपीएवढं झालं, मधोमध आडवी दांडी आली, की गडी हात आखडता घेतो. आता माद्या येतात. आत शिरतात, दांडीवर बसतात, चोचीनं ओढून बघतात. एखादीला पसंत पडलं तर जोडी जमते आणि मगच नर अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो. ती अंडी उबवायला बसली की हा शेजारी दुसऱ्या घरट्याचा पाया घालतो, दुसरीसाठी. जमलं तर तिसरीसाठीही! पिल्लांचं बहुतेक सगळं तिच्याच गळ्यात. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. नर त्यांत बसून झोके घेतो, असा लोकांचा समज होता.

यावरचा निबंध १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्या काळी पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यतः पक्षी मारायचा, कातडी भरायची, मापं घ्यायची. सालिम अलींनीही नमुन्यांसाठी पुष्कळ पक्षी मारले. या छंदाची सुरुवातच मुळी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाली होती. पण किहीमला जे कळलं ते कातड्यावरून कधीच कळलं नसतं. नुसतं बसून बघावं लागलं.

पुढे पद्मविभूषण, राज्यसभा, मोठमोठे ग्रंथ हे सगळं झालं. ते सर्वांना माहीत आहे. मला जास्त बोलकं वाटतं ते राजस्थानातलं भरतपूर. महाराजांच्या या शिकारीच्या तळ्यावर १९३८ साली एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. हे पाणथळ वाचवण्यात सालिम अलींचा मोठा वाटा. वर्षानुवर्षं त्यांच्या चमूनं इथे पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा माग काढला.

म्हशींनी पाणथळाची नासाडी होते, चराई बंद करा, असं त्यांचं ठाम मत होतं. १९८२ साली बंदी आली. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. आणि पक्ष्यांचं काय झालं? सोसायटीच्याच संशोधकांनी तिथे जवळपास दहा वर्षं निरीक्षणं केली. म्हशी जे गवत चरून काबूत ठेवत होत्या ते आता माजलं आणि तळ्याचा उघडा पृष्ठभाग झाकू लागलं. बदकांना उतरायला मोकळं पाणी कमी पडू लागलं.

हे निष्कर्ष पूर्ण होईपर्यंत सालिम अली राहिले नव्हते. १९८७ साली मुंबईत त्यांचं निधन झालं. भरतपुरात पुढे गवत कापून न्यायला गावकऱ्यांनाच आत सोडावं लागलं.