कांदा महागतो, तेव्हा टंचाई असते का?

2019 च्या डिसेंबरात अनेक शहरांत कांद्याने किलोला शंभरी ओलांडली. तरी पैसे मोजणाऱ्याला तो मिळत होता. अर्थशास्त्राच्या काटेकोर हिशेबात ही टंचाई नव्हे. माल कमी होता आणि त्याची वाटणी भावाने केली. ज्याला परवडला नाही त्याच्या फोडणीतून कांदा गेला, एवढेच.

टंचाईत चालू भावाने घ्यायला गिऱ्हाईक तयार असते, पैसे खिशात असतात आणि माल नसतो. परवाना राजवटीत चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. किती स्कूटर काढायच्या हे परवान्याने बांधलेले, किंमत आणि वाटपही सरकारी नियंत्रणात. किंमत हलत नव्हती, म्हणून यादी लांबली आणि नंबर लागलेली गाडी वरकड पैसे घेऊन विकली जाऊ लागली.

कांद्याचा माल मात्र साठवणीतल्या अडचणींमुळे कमी पडतो. वर्षाच्या उत्पादनात सर्वांत मोठा वाटा उन्हाळी कांद्याचा. तो मार्चअखेर ते मे या काळात निघतो आणि खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरच्या सुमारास येईपर्यंत चाळीतून, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमधून, पुरवावा लागतो. 25 ते 30 अंश तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता असेल तर तो चार-पाच महिने टिकतो. तरीही घट, सड आणि कोंब मिळून पाव हिस्सा जाणे नेहमीचेच. नत्र जास्त दिले किंवा काढणीच्या आठवड्यापर्यंत पाणी चालू ठेवले, तर कांद्याची मान (पात जिथे कांद्याला जुळते तो भाग) जाड राहते, नीट सुकत नाही आणि तिथूनच सड आत शिरते. म्हणून काढणीआधी 10 ते 15 दिवस पाणी तोडतात, पात शेतातच सुकवतात आणि मान इंचभर ठेवून कापतात.

2019 मध्ये पाऊस उशिरा आला, लांबला आणि ऐन काढणीत खरीप कांदा भिजला. चाळी तोवर रिकाम्या होत आल्या होत्या.

आवक थोडी घटली तरी भाव एवढा का उसळतो? समजा, भाव 10 टक्के वाढल्यावर लोक खरेदी जेमतेम 3 टक्के कमी करतात. मग आवक 15 टक्के घटली, तर मागणी तेवढी खाली यायला भाव 50 टक्के चढावा लागेल. कांद्याला पर्याय नाही, आणि घरखर्चात त्याचा वाटा इतका लहान की गृहिणी कुरकुरते, पण घेते.

29 सप्टेंबर 2019 ला केंद्राने निर्यातबंदी केली आणि साठ्यावर मर्यादा घातली: किरकोळ विक्रेत्याला 100 क्विंटल, घाऊक व्यापाऱ्याला 500. निर्यात थांबल्याने देशातली आवक वाढते, हे खरे. साठामर्यादेचा उपयोग मात्र संशयास्पद. सप्टेंबरात जबरदस्तीने बाहेर काढलेला कांदा नोव्हेंबरात मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी व्यापारी साठवायलाच कचरतो. बंदी उठली 15 मार्च 2020 ला. तोवर भाव उतरले होते आणि उन्हाळी कांद्याची काढणी तोंडावर आली होती.