लातूरची पाणीटंचाई, 2016

2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराचे नळ बंद पडले आणि जवळपास 4 लाख लोकांचं शहर काही महिने टँकरवर जगलं. बाहेरच्यांना यातली एकच गोष्ट लक्षात आहे ती म्हणजे मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे, 'जलदूत'. टीव्हीवर तीच दिसली, हार घालून स्वागत तिचंच झालं. पण प्रशासनाने त्या काळात जे केलं त्याचा रेल्वे हा एक तुकडा होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात अवघड तुकडा तो नव्हता. पाणी आणणं जमलं, ते घराघरात वाटायचं कसं यात सगळ्यांचा घाम निघाला.

लातूरला पाणी येतं ते मुख्यतः मांजरा धरणातून, जे बीड जिल्ह्यात केज तालुक्यात धनेगावला आहे, म्हणून लातूरकर त्याला सरळ धनेगाव म्हणतात. याच धरणावर अंबाजोगाई, केज, कळंब हेही अवलंबून. धरणाखाली मांजरा नदीवर साई, नागझरी असे बॅरेज आहेत, पूर्वी शहराला त्यांचाही आधार होता. 2012 चा दुष्काळ झाला, मग 2014 ला पाऊस कमी, 2015 ला आणखी कमी, आणि धरण मृतसाठ्यात गेलं. मृतसाठा म्हणजे गेटच्या पातळीखालचं पाणी, ते सहजासहजी बाहेर येत नाही, चर खणून, पंप टाकून उपसावं लागतं. तेही केलं, तेही संपलं. 2016 च्या एप्रिलमध्ये अख्ख्या मराठवाड्यातल्या धरणांचा साठा पाच टक्क्यांच्या आत होता, म्हणजे शेजारच्याकडून मागावं तर शेजारीही कोरडाच.

पावसावर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही मात्र. मांजरेच्या खोऱ्यात ऊस आणि साखर कारखाने दोन्ही वाढले, भूजल इतकं उपसलं गेलं की बोअर घेताना पाचशे-सहाशे फूट गेलो तरी धूळच येते हे ऐकायची लोकांना सवय झाली होती. आणि शहर वाढलं ते वेगळंच. 'लातूर पॅटर्न'मुळे मेडिकल-इंजिनिअरिंगच्या तयारीला राज्यभरातून पोरं इथे येतात, होस्टेल, मेस, रूम्स हा एक मोठा धंदाच आहे. नगरपालिकेची महानगरपालिका झाली ती 2011 ला, म्हणजे टंचाई आली तेव्हा मनपा जेमतेम पाच वर्षांची होती, पाण्याची लाईन, मीटर, गळती, वसुली सगळ्याच बाबतीत आधीची दुखणी तशीच.

कोण काय बघतं

महाराष्ट्रात टंचाई हाताळायची एक ठरलेली चौकट आहे आणि ती जुनी आहे. दरवर्षी जिल्ह्याचा टंचाई कृती आराखडा बनतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे तीन टप्पे धरून. त्यात उपाय साधारण तेच ते असतात: नवीन विंधन विहिरी, नळयोजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळयोजना, विहिरीतला गाळ काढणं, खाजगी विहिरी-बोअर अधिग्रहित करणं, आणि काहीच नाही जमलं तर टँकर (कागदावर अजूनही 'टँकर किंवा बैलगाडी' असं लिहिलेलं असतं). गावाचा प्रस्ताव ग्रामसेवकाकडून पंचायत समितीत, तिथून तहसीलदार-बीडीओंची संयुक्त पाहणी, मग मंजुरी. टँकरच्या गावात माणशी रोज 20 लिटर हा हिशोब धरतात. चौकट ठीक आहे पण ती खेड्यासाठी बनलेली आहे, दोन-तीन हजार वस्तीचं गाव, एक विहीर, तिच्यात टँकर रिकामा केला की झालं. चार लाखांच्या शहराला टँकर लावायचा तर तो रिकामा करायचा कुठे, हा प्रश्न त्या आराखड्यात नाहीच.

म्हणून लातूरमध्ये झालं असं की पाणीपुरवठा कायद्याने मनपाचं काम, पण प्रत्यक्षात सूत्रं गेली जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. त्यावेळी पांडुरंग पोले जिल्हाधिकारी होते. विहीर अधिग्रहित करायची, पोलीस बंदोबस्त लावायचा, दुसऱ्या जिल्ह्याशी, रेल्वेशी, मंत्रालयाशी बोलायचं हे सगळं करायचे अधिकार महसूल खात्याकडे, मनपाकडे टाक्या, काही टँकर आणि नगरसेवक. निवडून आलेल्या लोकांना हे खटकलं असणार, पण नगरसेवकाच्या हातात टँकर दिला की तो कोणत्या गल्लीत आधी जातो हे काय सांगायला पाहिजे का.

नळ बंद झाल्यावर

फेब्रुवारीच्या सुमारास नळाचं पाणी जवळपास थांबलंच. शहरासाठी जे पाणी मिळत होतं ते डोंगरगाव, भंडारवाडी अशा लांबलांबच्या बंधाऱ्यांतून आणि निम्न तेरणाच्या बाजूने, टँकरच्या रांगा लावून आणलं जायचं आणि शहरातल्या टाक्यांवरून छोट्या टँकरमध्ये भरून वॉर्डात जायचं. घरटी साधारण 200 लिटर, म्हणजे एक बॅरल, तेही आठ-दहा दिवसांनी. आता पाच माणसांचं घर आणि आठ दिवस धरले तर माणशी रोज 5 लिटर पडतात, यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ, भांडी, संडास सगळं आलं. खेड्याला टँकरचे 20 लिटर आणि शहराला त्याचा चौथा हिस्सा. बाकीचं ज्याचं त्याने बघायचं, म्हणजे ज्याच्याकडे पैसे तो खाजगी टँकर घेणार, नाहीतर जारवर भागवणार.

त्या दिवसांत गल्लीगल्लीत दारापुढे निळे बॅरल लावलेले असायचे, वर नाव किंवा घर नंबर पेंटने टाकलेला, काहींना साखळी-कुलूप. टँकर कधी येईल याचा भरवसा नाही, रात्री दोनला पण यायचा, त्यामुळे घरातलं एक माणूस कायम घरी. टँकर थांबला की पाइप आधी कोणाच्या बॅरलमध्ये यावरून सुरू व्हायचं, भाडेकरू आणि मालकाचा एक बॅरल धरायचा की दोन यावरून वेगळं. टाक्यांवर तर टँकर भरायच्या आधीच लोक चाल करून जायचे, ड्रायव्हरला अडवायचे. हे हाताबाहेर जाईल असं दिसल्यावर मार्च 2016 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी टाक्या आणि टँकर भरायच्या ठिकाणांभोवती कलम 144 लावलं, 31 मेपर्यंत, म्हणजे तिथे पाच किंवा जास्त माणसं जमायची नाहीत. पाण्यासाठी जमावबंदी ही बातमी देशभर गेली. टीका खूप झाली, तहानलेल्या माणसाला पोलीस दाखवता का वगैरे, पण टाकीवरून टँकर सुखरूप बाहेर काढणं हाच तिथला सगळा प्रश्न होता, आणि त्याला त्या घटकेला दुसरा इलाज कोणी सुचवल्याचं दिसत नाही. टीका करायचीच तर ती 200 लिटरवर करायला हवी होती.

क्लासेसची पोरं हळूहळू गावाकडे निघून गेली, मेस बंद पडल्या, दवाखान्यांनी विकतच्या पाण्यावर ऑपरेशन्स चालवली.

जलदूत

रेल्वेने पाणी आणायचं ठरल्यावर पंढरपूरचाही विचार झाला होता, पण शेवटी मिरज ठरलं कारण तिथे कृष्णेचं पाणी होतं आणि रेल्वेची स्वतःची पाण्याची व्यवस्था होती. मिरज-लातूर अंतर साधारण 340 किलोमीटर. ही लाईन म्हणजे जुनी बार्शी लाईट रेल्वे, नॅरोगेज, तिचं ब्रॉडगेज होऊन फार वर्षं झाली नव्हती, तो रूंद ट्रॅक झाला नसता तर हे सगळं कागदावरच राहिलं असतं. वॅगन होत्या तेल वाहणाऱ्या, राजस्थानात कोटाच्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुवून आणलेल्या. 11 एप्रिल 2016 ला पहिली गाडी मिरजेहून निघाली, 10 वॅगन, प्रत्येकीत साधारण 50 हजार लिटर, आणि 12 तारखेला पहाटे लातूरला पोचली. स्टेशनवर गर्दी, हार, फलक, घोषणा, श्रेयावरून पक्षांची ओढाताण, सगळं यथासांग झालं.

5 लाख लिटर ऐकायला मोठं वाटतं, पण 2011 च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या 3 लाख 82 हजार, म्हणजे माणशी सव्वा-दीड लिटर. खरा फरक पडला तो 20 एप्रिलच्या आसपास 50 वॅगनची गाडी सुरू झाल्यावर, एका फेरीत 25 लाख लिटर, माणशी साडेसहा लिटर. इथे मिरजेच्या बाजूचं काम विसरतात लोक. 10 वॅगन भरणं वेगळं आणि 50 भरणं वेगळं, त्यासाठी जास्तीची पाइपलाइन टाकली, पंप वाढवले, फिल्टरवर ताण आला, आणि ते सगळं काही दिवसांत उभं केलं. सांगली जिल्हाही तेव्हा काही सुकाळात नव्हता, जत-आटपाडीकडे टँकरच चालू होते, तरी पाणी दिलं.

लातूरला गाडीतून पाणी पाइपने स्टेशनजवळच्या एका अधिग्रहित विहिरीत सोडायचे, तिथून उपसून शुद्धीकरण केंद्राकडे, आणि मग परत टँकर. म्हणजे रेल्वे आली तरी नळ सुरू झाले नाहीत, शेवटचं अंतर टँकरनेच. त्या टँकरचं वेळापत्रक, वॉर्डांची पाळी, ड्रायव्हरच्या फेऱ्या, फेरी खरंच झाली की डिझेल नुसतं कागदावर जळलं हे तपासणं, ही बिनफोटोची कामं तलाठी, मंडळ अधिकारी, मनपाचे कर्मचारी यांच्या अंगावर होती, आणि तक्रारी आल्या त्याही याच टप्प्यावरच्या.

गाडी ऑगस्टपर्यंत चालली. एकूण 111 फेऱ्या, त्यातल्या पहिल्या नऊ छोट्या, सगळं मिळून जवळपास 26 कोटी लिटर. मधेच मे महिन्यात रेल्वेने जिल्हा प्रशासनाकडे सुमारे 4 कोटींचं बिल पाठवल्याची बातमी आली आणि गदारोळ झाला, तहानेचं बिल लावता का म्हणून. रेल्वेचं म्हणणं की प्रशासनानेच हिशोब मागितला होता. सरकारी कारभार माहीत असलेल्याला यात नवल नाही, खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा यासाठी कागद लागतोच, पण वेळ चुकली.

बाकीचं

याच काळात लोकांनी वर्गणी काढून मांजरा नदीचं पात्र खोल करायचं काम हाती घेतलं, साई ते नागझरी, साधारण 18 किलोमीटर. 'जलयुक्त लातूर' नावाने व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक सगळे यात उतरले, पोकलेन लागले, गाळ शेतकऱ्यांनी नेला. त्याच कामाच्या पाहणीला आलेल्या पालकमंत्री पंकजा मुंडे यांच्या सेल्फीवरून वाद झाला, तो कामापेक्षा जास्त गाजला. तिकडे मुंबईत उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले, मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून. त्याने लातूरला एक घागरही मिळणार नव्हती, पण दुष्काळ मुंबईच्या चर्चेत आला तो असा.

2016 चा पावसाळा चांगला झाला, सप्टेंबरच्या शेवटी तर इतका पडला की धनेगाव भरून दरवाजे उघडायची वेळ आली. दीड-दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ज्या शहराला रेल्वेने पाणी येत होतं तिथे नदीकाठच्या गावांना सावधानतेचे इशारे. धरण भरलं आणि टंचाईच्या फाइली बांधून ठेवल्या गेल्या.

रेल्वेने पाणी न्यायची कल्पना काही लातूरने काढलेली नाही, 1986 ला राजकोटला असंच नेलं होतं. लातूरनंतर 2019 ला चेन्नईसाठी जोलारपेट्टईहून 50 वॅगनची गाडी चालली, हिशोब तोच, फेरीला 25 लाख लिटर. 2016 लाच बुंदेलखंडसाठी वॅगन पाठवल्या होत्या, पण उत्तर प्रदेश सरकारने आम्हाला पाणी नको, टँकर द्या असं सांगून नकार दिला, त्यावर राजकारण म्हणून हसलेही लोक. लातूरमध्ये रेल्वे येऊनही शेवटचं अंतर टँकरनेच कापावं लागलं हे बघितलं तर ते म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. लातूरसाठी उजनी धरणाचं पाणी कायमस्वरूपी पाइपलाइनने आणायची मागणी त्या उन्हाळ्यानंतर दर निवडणुकीत होते, 2019 ला मराठवाडा वॉटर ग्रिडची (मराठवाड्यातली धरणं पाइपलाइनने एकमेकांना जोडायची योजना) घोषणाही झाली, त्याच वर्षी धरण पुन्हा तळाला जाऊन परत रेल्वे आणायची चर्चाही झाली. शहराचा मुख्य आधार अजून धनेगावच आहे.