नकाशावरील नसलेली सामुद्रधुनी

1892 च्या जुलैमध्ये अमेरिकी संशोधक रॉबर्ट पिअरी उत्तर ग्रीनलंडमधील नेव्ही क्लिफ या कड्यावर पोहोचले आणि समोरच्या दृश्यावरून त्यांनी ठरवले की ग्रीनलंडची मुख्य भूमी येथेच संपते व तिच्या उत्तरेचा भूभाग एका सामुद्रधुनीने तिच्यापासून तुटलेला आहे. गोठलेला समुद्र आणि बर्फाखालची सखल जमीन दुरून सारखीच दिसतात. तरीही ‘पिअरी चॅनल’ नकाशावर आली.

ईशान्य किनाऱ्याचा उरलेला कोरा भाग भरून काढण्यासाठी 1906 मध्ये लुडविग मिलियस-एरिक्सन यांच्या नेतृत्वाखाली डॅनिश मोहीम निघाली. तेथे नकाशा काढणे किती अवघड होते, हे रेखांशावरून कळते. सूर्याची उंची थिओडोलाइट या कोन मोजणाऱ्या उपकरणाने मोजली की अक्षांश मिळतो. रेखांशासाठी मात्र अचूक वेळ लागते, कारण पृथ्वी 4 मिनिटांत 1 अंश फिरते. 80 अक्षांशावर हा 1 अंश सुमारे 19 किलोमीटरांचा असतो. म्हणजे कडाक्याच्या थंडीत घड्याळ एक मिनिटाने चुकले, तरी कागदावरचा किनारा जवळजवळ 5 किलोमीटर सरकतो.

खरा किनारा पिअरींच्या नकाशापेक्षा पूर्वेकडे कितीतरी अधिक पुढे आलेला निघाला. त्यामुळे 1907 च्या वसंतात कुत्र्यांच्या स्लेजवरून निघालेल्या मिलियस-एरिक्सन, नकाशाकार नील्स पेटर होइग हागेन आणि ग्रीनलंडचे यॉर्गन ब्रोनलुंड यांचे अंतराचे व अन्नाचे सारे हिशेब कोलमडले. उन्हाळ्यात बर्फ वितळल्याने ते अडकले आणि नोव्हेंबरमध्ये तिघेही परतीच्या वाटेवर मरण पावले. शेवटपर्यंत टिकले ते ब्रोनलुंड; पाय हिमदंशाने निकामी झाले असतानाही त्यांनी ईशान्य किनाऱ्यावरील लँबर्ट लँडपर्यंत मजल मारली. मार्च 1908 मध्ये त्याच मोहिमेतील योहान पेटर कॉख आणि टोबियास गॅब्रिएल्सन यांना त्यांचा मृतदेह सापडला, तेव्हा पायांशी एक बाटली होती आणि तिच्यात होइग हागेन यांचे नकाशांचे कच्चे आराखडे. त्या आराखड्यांना माझ्या मते या मोहिमेत सर्वांत मोठे मोल आहे, कारण मरणाऱ्या माणसाने आपल्या दैनंदिनीइतक्याच काळजीने ते जपले होते.

सामुद्रधुनीविषयीचा स्पष्ट निर्वाळा मात्र 1910 मध्ये मिळाला. मृतांच्या नोंदी शोधत निघालेल्या आयनार मिकेल्सन यांना डॅनमार्क फ्योर्ड या चिंचोळ्या खाडीतील दगडांच्या राशीत मिलियस-एरिक्सन यांची चिठ्ठी सापडली. पिअरी चॅनल अस्तित्वात नाही, असे तिच्यात लिहिले होते. मिकेल्सन यांचा बेत त्याच सामुद्रधुनीच्या मार्गाने पश्चिम किनाऱ्याला जाण्याचा होता. तो सोडून, आजारी अवस्थेत, ते पूर्व किनाऱ्याने माघारी वळले.