इम्पोर्ट ड्युटी नक्की कोण भरतं?

लोकलमध्ये बजेटची चर्चा निघाली की एक जण हमखास बोलणार, ड्युटी लावा रे, भरू दे त्या बाहेरच्यांना पैसे. बाहेरचे नाही भरत हो! न्हावा शेवाला कंटेनर उतरला की बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आलेल्या मालाचा कस्टम्सचा फॉर्म, इथला इम्पोर्टर भरतो आणि ड्युटीही तोच भरतो, मग ती घाऊक व्यापारी, दुकानदार करत करत बहुतेक आपल्याच पिशवीत येते. क्वचित बाहेरचा विक्रेता भाव थोडा पाडतो, पण त्या भरवशावर राहू नका.

सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरची बेसिक ड्युटी 0 वरून 20 टक्के केली. हेतू चांगला होता, सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा. पण आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, म्हणजे वडापाववाल्याच्या कढईपर्यंत ती वाढ पोचणारच ना. मे 2025 मध्ये ती 10 वर आणली.

दुसरा गैरसमज म्हणजे इम्पोर्ट अडवला की एक्सपोर्ट आपोआप वाढतो. अहो, अंधेरीचं सीप्झ बघा, एक्सपोर्टसाठीचा खास झोन, 1973 पासून आहे, तिथे दागिने बनवायला सोनं, हिरे ड्युटी न भरता आणू देतात ते उगाच नाही, कच्चा मालच महाग पडला तर बाहेर विकणार कुठल्या भावाने?

नवीन धंद्याला थोडी वर्षं ड्युटीचा आडोसा देणं मला पटतं, फक्त त्याचं बिल आपणच भरतोय हे माहीत असू द्या.