पोलादी पुंगळी अडकते, पण लॅकरमुळे नव्हे

स्वस्त काडतुसांच्या पोलादी पुंगळीवरचं (दारू भरलेल्या नळकांड्यावरचं) लॅकर, म्हणजे वॉर्निशसारखा लेप, तापून वितळतं, चेंबरला (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेला) चिकटतं आणि पुंगळी अडकते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. लॅकर बिचारं निर्दोष आहे. बार उडताना नेहमीची पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते आणि लगेच आकसते. पोलाद तेवढं लवचिक नाही. म्हणून राहिलेल्या फटीतून काजळी मागे येते, साचते. मग त्याच घाणीत पितळी काडतूस घातलं की तेच रुतून बसतं, आणि शिव्या मात्र पोलादाला! एके-४७ च्या ७.६२ × ३९ काडतुसाची पुंगळी चांगलीच निमुळती, म्हणून सहज सुटते, एम-१६ सारख्या रायफलींच्या ५.५६ काडतुसाची जवळजवळ सरळ, तिथे चेंबर साफ ठेवावंच लागतं. नळीची जादा झीज होते ती गोळीवरच्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी आवरणामुळे.